जर्मनच्या झाकणाची गिटार

“परत पाडा,” मी म्हणाले.

शमुवेल झाकण हातात धरून उभा राहिला. भाताच्या पातेल्यावरचं जर्मनचं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, कडेला जरा चेमटलेलं. ते त्याच्या हातून निसटून फरशीवर पडलं होतं आणि आता बायको करवादणार अशा तयारीने त्याने खांदे वर केले होते.

“मुद्दाम नाही पाडलं,” तो म्हणाला.

“माहीत आहे. परत पाडा. आणि मध्येच हात लावू नका, आपोआप थांबू द्या.”

त्याने पाडलं. झाकण गरगरत खाली बसलं. ते थांबल्यावरही त्याचा आवाज खोलीत थोडा रेंगाळला. मी शेगडीवरचा तवा उतरवून ठेवला आणि झाकण उचलून नखाने टिचकी मारून पाहिली.

“ऐकलंत? स्टीलचं ताट असं बोलत नाही. ह्याची गिटार होईल.”

“भाताच्या झाकणाची?”

“हो.”

शमुवेल हसला. पण फिटर माणूस. काही तरी ठोकायला मिळतंय म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. समोर मी त्याला अहो-जाहोच करायची. लिहिताना मात्र एकेरी येतं, आणि मी ते सुधारत नाही.

मी नगरच्या एका मिशन हॉस्टेलात वाढले. तिथल्या मिससाहेबांकडे एक गिटार होती. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडी दांडी सरकवत वाजवायची. तिच्या पोटात पातळ धातूचा वाटोळा पत्रा होता, त्यामुळे तिचा आवाज माणसाने गळा काढावा तसा यायचा. मिससाहेबांनी हॉस्टेलभरच्या मुलींमधून मला एकटीलाच ती शिकवली. पुढे त्या निवृत्त होऊन आपल्या देशी गेल्या आणि गिटारही गेली. मग माझं लग्न झालं आणि मी श्रीरामपूरच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आले, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये.

कारखान्याचा हंगाम संपला होता. गाळप बंद असलं की फिटर लोकांना नुसती दुरुस्तीची कामं, त्यामुळे शमुवेल उजेडीच घरी यायचा. लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि एकमेकांशी काय बोलावं ते आम्हाला अजून नीट सापडलं नव्हतं. जेवायला वाढू का, पाणी आलं का, असलंच चालायचं. गिटारीने आम्हाला बोलायला विषय दिला.

स्वयंपाकघरातून एकेक वस्तू उठून गेली. गोडेतेलाचा पत्र्याचा चौकोनी डबा आडवा कापून गिटारीचं पोट झालं. मोडक्या पलंगाच्या सागवानी पट्टीची मान झाली, ती डब्याच्या आरपार घातली. डब्याच्या वरच्या पत्र्याला भोक पाडून त्यावर झाकण आलं, त्याची मूठ काढून तिथे लाटण्याचा कापलेला तुकडा बसवला, म्हणजे तारा त्यावर टेकतील. तारांची खालची टोकं अडकवायला सोऱ्यातली बारीक शेवेची चकती. मान जिथे संपते तिथे कारखान्यातले लांब बोल्ट, तार त्यांना गुंडाळायची आणि पान्याने पिळायची. तारा तेवढ्या शमुवेलने नगरहून खऱ्या आणल्या. सरकवायला म्हणून मी वेलदोडे कुटायचा छोटा पितळी बत्ता घेतला. हातात असा बसला की मिससाहेबांची दांडीही कधी बसली नव्हती.

आमच्याकडे त्या वर्षी शेव झाली नाही, पोळ्या बाटलीने लाटल्या आणि भातावर ताट ठेवलं. शेजारच्या मरियाबाई म्हणायच्या, “रूथ, तुझ्या घरात चोर शिरलाय की नवरा?”

पहिल्यांदा तारा चढवल्या तेव्हा मात्र आमची तोंडं उतरली. डबा बडवल्यासारखा आवाज आला. मी परत परत छेडून पाहिलं, शमुवेलने पान्याने पिळून पाहिलं, काही फरक नाही.

“झाकण कसं बसवलंय?” मी विचारलं.

“एकदम घट्ट. चारी बाजूंनी स्क्रू मारलेत. हलायची टाप नाही.”

“अहो, झाकणाला कुणी खिळे मारतं का?”

“मग?”

“भाताला कढ आला की झाकण कसं उडतं? तसं त्याला उडता आलं पाहिजे. नुसतं टेकवा.”

“सुटं ठेवलं तर खडखडेल की.”

“तारा वरून दाबतात ना. त्या धरतील त्याला. काढा ते स्क्रू.”

तो पुटपुटत स्क्रू काढायला बसला. तारा पुन्हा चढल्या. मी गिटार मांडीवर घेतली, बत्ता ठेवला आणि एक तार छेडून तो सरकवला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. हॉस्टेलच्या व्हरांड्यात मिससाहेब संध्याकाळी वाजवायच्या तेव्हाचाच, पण त्यात आपल्या घरचं काहीतरी मिसळलेलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शमुवेल पाना हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

“तू केलंस हे,” तो म्हणाला.

त्या तीन शब्दांवर मी किती दिवस तरंगत होते, काय सांगू. आईवडिलांनी दिलेला नवरा त्या क्षणी मला माझा वाटला.

मग रोजचंच झालं. तो चहा पिऊन खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचा, मी खाली चटईवर मांडी घालून वाजवायची. सूर उतरला की त्याच्याकडे गिटार द्यायची, तो बोल्ट पिळून परत करायचा. नाताळचं एक जुनं भजन मी बसवायला घेतलं, आणि ते जसं बोटांत येत गेलं तशी माझ्या मनात एक इच्छा मूळ धरू लागली. मला ते नाताळच्या उपासनेत, देवळात, सगळ्या मंडळीसमोर वाजवायचं होतं.

आमच्या देवळात गायनमंडळात बायका गायच्या आणि वाजवायचे ते पुरुष. असा काही नियम नव्हता. पेटी सोनवणे मास्तरांची, तबला त्यांच्या भाच्याचा आणि बायका मागच्या बाकावर, हे कुणी ठरवलेलं नव्हतं म्हणूनच ते मोडायचं कसं हे कुणाला ठाऊक नव्हतं. सोनवणे मास्तर हायस्कुलात गणित शिकवायचे. माणूस सज्जन, पण कौतुक करताना हात आखडता.

“मी विचारू का मास्तरांना?” मी शमुवेलला म्हणाले.

“तू नको. बाईमाणसाने आपणहून विचारलेलं बरं दिसत नाही. मी बोलतो.”

पुढच्या रविवारी मी विचारलं, “बोललात?”

“बोललो.”

“काय म्हणाले?”

“खूश आहेत एकदम. त्यांनी ऐकलंय म्हणे रस्त्यावरून जाताना. नाताळला बसवायचंच म्हणाले.”

“खरंच?”

“मग खोटं सांगतो का मी?”

मी त्या दिवशी साजूक तुपातला शिरा केला. नगरला आईला पत्र टाकलं की नाताळला तुम्ही सगळे इकडे या, कारण आल्यावर कळेल. निळ्या साडीला फॉल लावून घेतला. मास्तर रविवारी भेटले की “सलाम मास्तर” म्हणून मी जरा जास्तच हसायची. तेही हसायचे आणि म्हणायचे, “नशीबवान आहात, बाई.” आता हे त्यांनी का म्हणावं, असं मनात यायला हवं होतं. आलं नाही. आनंदात माणसाला नको ते प्रश्न पडत नाहीत.

दसरा झाला आणि शमुवेलला भलतंच वेड लागलं. “मला शिकव,” म्हणाला. मला कोण आनंद. मी त्याच्या मांडीवर गिटार ठेवली, बत्ता कसा धरायचा ते हात धरून दाखवलं. त्याचे हात जड. बत्ता तारेवर आपटायचा, नाही तर घसरून डब्यावर जायचा. तरी कामावरून आला की चहा न घेता बसायचा. भजनाची पहिली ओळसुद्धा काही केल्या लागेना. एका संध्याकाळी त्याने बत्ता भिरकावून दिला.

“किती दिवस लागतात याला?”

“मला वर्षं लागली, अहो. आणि घाई काय आहे तुम्हाला? मी आहे की वाजवायला.”

तो उठून बाहेर निघून गेला. मी बत्ता पुसून जागेवर ठेवला आणि मनाशी हसले, पुरुषांना हरायची सवय नसते म्हणून.

उपकारस्तुतीचा सण आमच्याकडे गाळप सुरू व्हायच्या सुमारास यायचा. वर्षभर देवाने जे दिलं त्यातलं काहीतरी ज्याने त्याने देवळात आणायचं. कणसं, भोपळे, कोंबड्या, अंडी, ऊस, कुणी विणलेला स्वेटर, कुणी केलेली पाटी. सगळं वेदीपुढच्या टेबलांवर मांडायचं, पाळकसाहेब देणाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना करणार आणि उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव. त्या लिलावात मोठी मजा असायची. साधं लिंबू कुणीतरी वाटेल त्या भावाने घ्यायचं, परत देवाला द्यायचं, की पुन्हा बोली. एकेक लिंबू पाच-सहा घरं फिरून यायचं.

त्या सकाळी शमुवेल टेबलं लावायला म्हणून लवकर गेला. मी मागून आवरून निघाले, ओटीत चार पायल्यांतले निवडलेले तांदूळ. देवळात शिरले, तांदूळ ठेवायला पुढे गेले आणि तिथेच थबकले.

भोपळा आणि उसाच्या मोळीच्या मध्ये माझी गिटार होती. तिच्या मानेला झेंडूची माळ आणि बत्ता सुतळीने बांधलेला.

मला वाटलं, शोभेला ठेवली असेल. देवळाला दाखवायला आणली असेल. मी पुरुषांच्या बाजूला पाहिलं. शमुवेल तिसऱ्या बाकावर होता आणि गीतांचं पुस्तक उघडून त्यात मान घालून बसला होता, अजून गीत सांगितलंही नव्हतं. आमच्याकडे बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. उठून विचारायला जाता येत नव्हतं. मरियाबाईंनी मला ओढून शेजारी बसवलं.

पाळकसाहेब नावं घेऊ लागले. अमक्याकडून कोंबडी, तमक्याकडून तूर. आणि मग म्हणाले, “शमुवेल आणि रूथ त्रिभुवन यांजकडून, स्वतःच्या हातांनी घडवलेलं वाद्य. बंधुभगिनींनो, जे सगळ्यात प्रिय ते देवाला देणं, याला मोठं मन लागतं.”

सगळ्या बायका माझ्याकडे वळून पाहू लागल्या. मरियाबाईंनी माझा हात दाबला. माझ्या नावाने माझी वस्तू देऊन टाकली होती आणि मला त्याचं कौतुक स्वीकारत बसावं लागत होतं. उपासनेतलं पुढचं एक अक्षर माझ्या कानात शिरलं नाही.

बाहेर आवारात चिंचेखाली गर्दी जमली होती. लिलाव पुकारायला नेहमीप्रमाणे जॉनदादा, कारखान्याच्या गेटवरचे वॉचमन, आवाज खणखणीत. मी शमुवेलला शोधलं. तो टेबलापाशी उभा राहून जॉनदादांना गिटार समजावून सांगत होता.

“गोम कशात आहे माहीतये का जॉनदादा? झाकणात. झाकणाला खिळे मारायचे नाहीत. नुसतं टेकवायचं. मी आधी मारले होते, मग म्हटलं, छे, भाताचं झाकण कसं उडतं?”

“डोकं आहे बाबा तुला,” जॉनदादा म्हणाले.

मी त्याची बाही धरून त्याला भिंतीकडे नेलं.

“मला विचारायचं होतंत.”

“देवाला देताना विचारत बसायचं असतं का?”

“माझी होती ती.”

“आपली होती. दोघांचं नाव दिलंय की मी.” तो माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होता. “दुसरी करू आपण. झाकणं काय, पैशाला पासरी मिळतात.”

“आणि नाताळला मी काय वाजवू?”

“बघू पुढच्या वर्षी.”

“मास्तरांना सांगितलंत तुम्ही. आईला पत्र टाकलंय मी.”

“हळू बोल. लोक बघतायत.”

तेवढ्यात जॉनदादांनी गिटार उंच धरली. मला राहवलं नाही. पहिली बोली मीच बोलले, घरखर्चातून बाजूला टाकलेलं होतं ते सगळं. आवारात हशा पिकला.

“वहिनी,” जॉनदादा म्हणाले, “आपण दिलेलं आपणच मागायचं नसतं. देवाला देऊन परत घेता का? बोला, दुसरं कोण?”

आमच्या मंडळीत तसा रिवाज होताच, मी तो विसरले होते. मी मागे सरले. बोली दोघा-तिघांत वर चढली, आणि शेवटी सोनवणे मास्तरांनी हात वर केला. त्यांच्या पुढे कुणी गेलं नाही.

“गायनमंडळासाठी घेतली,” मास्तर म्हणाले. “देवळातच राहील.”

माझा जीव भांड्यात पडला. देवळात राहणार, म्हणजे नाताळला ती असणार, आणि मीही असणार. मी पुढे होऊन मास्तरांना काही म्हणणार, तोच ते शमुवेलच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

“आता सुटका नाही, त्रिभुवन. रोज संध्याकाळी फिरायला जाताना तुमच्या खिडकीखाली उभा राहून ऐकलंय मी. दोन महिने मागे लागलोय, नाताळला बसा म्हणून. हो म्हणालात, आणि परवा सांगता की वाद्य द्यायचा नवस केलाय, आता कसं वाजवू. घ्या, वाद्य परत आलं.”

मला कळायला जरा वेळ लागला. रस्त्यावरून आमच्या खिडकीत खुर्चीवर बसलेल्या शमुवेलचं तेवढं डोकं दिसायचं. खाली चटईवर बसलेली मी दिसत नव्हते. मास्तरांनी एकदा कधी तरी त्याला म्हटलं असणार, काय वाजवता हो तुम्ही. आणि त्याने ते ऐकून घेतलं असणार. बस, एवढंच. त्यानंतर तो मास्तरांशी बोलला होता, मास्तर खूश होते, नाताळला बसवणार होते, यातलं काही खोटं नव्हतं. फक्त त्यात मी नव्हते. म्हणून ते घाईघाईचं शिकणं. आणि शिकता येत नाही म्हटल्यावर हा नवस.

अंगाची लाही लाही होणं म्हणजे काय ते मला त्या चिंचेखाली कळलं. पण त्याच्याकडे पाहिलं तर तो पांढराफटक पडला होता. मास्तरांनी गिटार त्याच्या हातात दिली होती, माणसांनी कोंडाळं केलं होतं, कुणी खुर्ची आणून ठेवली. “एक कडवं होऊ द्या,” जॉनदादा म्हणाले. शमुवेलने गिटारीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. लग्नानंतर इतक्या लाचार नजरेने त्याने माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

“मी नको,” तो म्हणाला. “ही वाजवेल. रूथ, ये.”

मला काय झालं ते खरं सांगते. माझा सगळा राग उतरला. मला वाटलं, बोलला. उशिरा का होईना, सगळ्या मंडळीसमोर, मास्तरांसमोर, त्याने सांगून टाकलं. एवढंच तर मला हवं होतं. मी पदर खोचला, खुर्ची सारून खाली जमिनीवर बसले आणि गिटार मांडीवर आडवी घेतली. सुतळी सोडून बत्ता हातात घेतला.

नाताळचं ते भजन मी वाजवलं. पहिली ओळ संपली तेव्हा आवार शांत झालं होतं, टेबलाखालच्या कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या. दुसऱ्या कडव्याला मागे कुठेतरी मरियाबाई गाऊ लागल्या, मग आणखी बायका. झाकण थरथरत होतं ते मला मांडीत कळत होतं. मी एकदाच वर पाहिलं. शमुवेल मान खाली घालून ऐकत होता, आणि मी मनातल्या मनात त्याला पुरती माफी देऊन टाकली. गिटार दिल्याची, जॉनदादांना सांगितलेल्या झाकणाची, सगळ्याची.

वाजवणं थांबलं. सोनवणे मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. मग ते पुढे आले. मी उठायला लागले. ते माझ्या बाजूने गेले आणि त्यांनी शमुवेलचे दोन्ही हात हातात घेतले.

“त्रिभुवन,” ते म्हणाले, “स्वतः वाजवणं वेगळं. पण घरच्या बाईला इतकं शिकवलंत, याला तोड नाही.”

सगळे त्याच्याकडे बघत होते. मी पण. आता तो खरं सांगेल म्हणून मी वाट पाहिली. नाही मास्तर, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

शमुवेलचा रंग हळूहळू परत आला. त्याने खांदे सरळ केले.

“शिकतेय अजून,” तो म्हणाला. “डोकं आहे तिला, पण बत्ता जरा सैल पडतो.”

मास्तरांनी समजल्यासारखी मान डोलावली. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, कुठे तरी चाचरेल, कुठे तरी नजर चुकवेल म्हणून. त्याने चुकवली नाही. सकाळी तो पुस्तकात तोंड लपवून बसला होता. आता त्याला लपवायचं काही उरलंच नव्हतं. त्याला ते खरंच वाटत होतं.

तो खाली वाकला, माझ्या हातातून बत्ता घेतला आणि रोज पाना मागायचा तितक्याच सहज आवाजात म्हणाला, “घरी गेल्यावर दाखवतो तुला, कसा धरायचा ते.”

त्याच घरी मी पुढे उभा जन्म काढला.